जाहिरात फलक नसलेले शहर आणि समाजमाध्यमांवरील व्यापार

पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेल्या चंडीगड या केंद्रशासित प्रदेशात व्यापाऱ्याला आपल्या दुकानाची जाहिरात करणे देशातील इतर शहरांइतके सोपे नाही. शहरातील जाहिरातींवर नियंत्रण ठेवणारा आदेश १९५४ मध्ये, म्हणजे शहराच्या उद्घाटनानंतर साधारण वर्षभरातच, निघाला. तेव्हापासून खासगी जाहिरात फलक लावण्यावर येथे कडक बंधने आहेत. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या चौकांत दिसणारे भव्य फलक आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे कापडी पडदे येथे अभावानेच आढळतात. दुकानावरील नामफलकाचा आकार आणि त्याची जागा हेदेखील व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. गेल्या दीड दशकात समाजमाध्यमांनी या शहराच्या व्यापारात जे स्थान मिळविले, त्याचे एक कारण या जुन्या नियमांत आहे, असे मानण्यास जागा आहे.

क्रमांकांचे शहर

फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेल्याने पूर्व पंजाबला नव्या राजधानीची आवश्यकता भासली. फ्रान्समध्ये स्थायिक झालेले वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या शहराचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. शहराची विभागणी सेक्टरांत करण्यात आली असून एका सेक्टरचा आकार साधारणपणे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब आहे. दूध, भाजी, औषधे, शिंपी, केशकर्तनालय अशा नित्याच्या गरजा रहिवाशाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर, त्याच सेक्टरमधील बाजारात भागाव्यात, अशी ही योजना होती.

या योजनेमुळे व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यात एक स्थिर नाते निर्माण झाले. सेक्टरमधील किराणा दुकानदार घराघराला ओळखत असे. सामान घरपोच जाई, हिशेब खातेवहीत लिहिला जाई आणि महिनाअखेर चुकता होई. अशा दुकानदाराला जाहिरातीची फारशी गरजच नव्हती. गरज होती ती शहराच्या मध्यवर्ती बाजाराला, म्हणजे सेक्टर १७ ला. तेथील मोठा पादचारी चौक अनेक वर्षे चंडीगडवासीयांचे खरेदीचे आणि फिरण्याचे मुख्य ठिकाण होता. २०१३ मध्ये औद्योगिक क्षेत्रात एलांते हा भव्य मॉल सुरू झाल्यानंतर या चौकातील गर्दीला ओहोटी लागली आणि जुन्या दुकानदारांसमोर प्रथमच गिऱ्हाईक शोधण्याचा प्रश्न उभा राहिला.

त्यातच शहराच्या रचनेचा एक परिणाम असा की, एका रांगेतील सर्व इमारतींची दर्शनी बाजू एकसारखी असते. पत्ता सांगतानाही रस्त्याचे किंवा इमारतीचे नाव येत नाही. दुकान व कार्यालय एकत्र असलेल्या इमारतीला एससीओ, दुकानावर निवास असल्यास एससीएफ आणि लहान गाळ्याला बूथ अशी संज्ञा आहे. त्यापुढे क्रमांक आणि सेक्टर लिहिला की पत्ता पूर्ण झाला. शहरातील मुरलेल्या माणसाला हे सोयीचे वाटते. मात्र मोहाली, पंचकुला किंवा अंबाल्याहून आलेल्या ग्राहकाला पहिल्या मजल्यावरचे एखादे शिवणकेंद्र शोधताना घाम फुटतो. भ्रमणध्वनीवर नकाशावरील नेमके ठिकाण पाठविण्याची सोय झाल्यावर ही अडचण दूर झाली. समाजमाध्यमांच्या उपयोगाची चर्चा होते तेव्हा मोठमोठ्या संकल्पना मांडल्या जातात. प्रत्यक्षात छोट्या व्यापाऱ्याला झालेला पहिला लाभ एवढा साधा होता.

खातेवहीकडून भ्रमणध्वनीकडे

भारतात समाजमाध्यमांचा सर्वसामान्यांना परिचय २००४ मध्ये सुरू झालेल्या ऑर्कुटमुळे झाला. ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. फेसबुकने २००७ मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने उपलब्ध करून दिली, २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाले. छोट्या व्यापाराच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे पाऊल जानेवारी २०१८ मध्ये पडले. व्हॉट्सॲपने व्यवसायांसाठी वेगळे उपयोजन आणले. त्यात दुकानाचा पत्ता व वेळ, वस्तूंची छायाचित्रांसह सूची, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे आणि ग्राहकांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावण्याची सोय विनामूल्य मिळाली. कोणाचे पैसे येणे आहेत, कोणाची मागणी पोहोचवायची आहे, हे दुकानदार पूर्वी वहीत लिहीत असे. आता तीच नोंद पडद्यावर दिसू लागली.

या उपयोजनातील एक तांत्रिक नियम येथे आवर्जून सांगितला पाहिजे, कारण समाजमाध्यमांतील नातेसंबंधाचे मर्म त्यात दडलेले आहे. एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठविण्यासाठी व्हॉट्सॲपवर प्रसारण यादी करता येते. अशा एका यादीत २५६ जण समाविष्ट होतात. पण ज्याने दुकानदाराचा क्रमांक आपल्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवला आहे, त्यालाच हा संदेश मिळतो. दुकानदाराकडे ग्राहकाचा क्रमांक असून भागत नाही. ग्राहकालाही दुकानदाराची आठवण ठेवावीशी वाटली पाहिजे. अनेक व्यापारी हा नियम टाळण्यासाठी समूह तयार करतात आणि न विचारता लोकांना त्यात ओढतात. परिणामी लोक समूह सोडतात, तक्रार नोंदवितात आणि वारंवार तक्रारी आल्यास कंपनी तो क्रमांकच बंद करते. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार कंपनीला दरमहा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. भारतात दर महिन्याला लाखो खाती बंद केली जातात, हे त्यावरून दिसते.

शिवणकाम, केक, घरगुती लोणची, रोपे, शिकवण्या, केशभूषा अशा व्यवसायांना या माध्यमाचा विशेष लाभ झाला. यातील बरेचसे व्यवसाय घरातून चालतात आणि चंडीगडमध्ये निवासी इमारतीवर दुकानाची पाटी लावणे नियमात बसत नाही. ज्या गृहिणीला पाटी लावता येत नव्हती, तिला आपल्या केकचे छायाचित्र शेजारच्या दहा सेक्टरांत दाखविता येऊ लागले. येथे एक सूचना अनाठायी ठरणार नाही. खाद्यपदार्थ घरी बनवून विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो आणि उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून पावतीवर १४ अंकी क्रमांक छापणेही बंधनकारक आहे. समाजमाध्यमांवरील किती घरगुती विक्रेते तो देतात, हे ग्राहकांनी स्वतःच पाहावे.

सायकलवरचे छोले-भटुरे

चंडीगडमधील एका छोट्या विक्रेत्याचे नाव २०२१ मध्ये देशभर पोहोचले. सेक्टर २९ मध्ये सायकलवर छोले-भटुरे विकणारे संजय राणा यांनी कोविड प्रतिबंधक लस घेतलेल्यांना त्याच दिवशीचा पुरावा दाखविल्यास विनामूल्य छोले-भटुरे देण्यास सुरुवात केली होती. ही कल्पना त्यांची मुलगी आणि पुतणी यांची होती. २५ जुलै २०२१ रोजी आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांचा उल्लेख केला. त्यानंतर वृत्तपत्रे, वाहिन्या आणि समाजमाध्यमे यांतून ही गाडी सर्वपरिचित झाली. २०२२ मध्ये वर्धक मात्रा घेणाऱ्यांसाठीही त्यांनी असाच उपक्रम केला.

विक्रीकलेच्या दृष्टीने या घटनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे, राणा यांनी आपल्या पदार्थाची स्तुती केली नव्हती. त्यांनी लोकांना एकमेकांना सांगण्याजोगी गोष्ट दिली आणि पुढचे काम लोकांनी केले. दुसरी गोष्ट अशी की, प्रसिद्धी येण्यापूर्वीच त्यांचा व्यवसाय रोजच्या गिऱ्हाइकांवर उभा होता. सायकल ठरलेल्या ठिकाणी उभी राहत होती. प्रसिद्धी त्यावर चढली, तिने पाया घातला नाही.

याच्या उलट अनुभव देशाच्या राजधानीत त्याआधी वर्षभर आला होता. दिल्लीतील मालवीय नगर येथे ‘बाबा का ढाबा’ नावाची छोटी टपरी चालविणारे वृद्ध दांपत्य टाळेबंदीने हवालदिल झाल्याची चित्रफीत ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसारित झाली. दुसऱ्याच दिवशी टपरीपुढे रांगा लागल्या, देशभरातून देणग्या आल्या. पाठोपाठ देणगीच्या रकमेवरून वाद होऊन प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्या वर्षअखेर कांता प्रसाद यांनी सुरू केलेले उपाहारगृह खर्च न झेपल्याने काही आठवड्यांत बंद पडले आणि २०२१ च्या मध्यास ते पुन्हा आपल्या टपरीवर परतले. तेथे आलेली गर्दी सहानुभूतीची होती. तिच्यातील फार थोडे लोक त्या वस्तीत राहत होते आणि उद्या पुन्हा जेवायला येणार होते. पाहणाऱ्यांची संख्या आणि गिऱ्हाइकांची संख्या यांत गल्लत झाली की भाडे, पगार आणि कर्ज यांचे गणित कसे कोलमडते, याचे हे उदाहरण होय.

ओळखीचे आणि अर्धओळखीचे

नवे गिऱ्हाईक नेमके कोणाकडून येते, या प्रश्नावर समाजशास्त्रात बरेच काम झाले आहे. अमेरिकेतील अभ्यासक मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, नोकरीची बातमी अनेकांना निकटच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून मिळते. निकटच्या माणसांचे वर्तुळ एकच असते, त्यामुळे त्यांना ठाऊक असलेली माहिती आपल्यालाही ठाऊक असते. अर्धओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातील वार्ता घेऊन येतो. समाजमाध्यमे या अर्धओळखींचा प्रचंड साठा जपून ठेवतात. एरवी त्या काही वर्षांत विरून गेल्या असत्या. चंडीगड सोडून कॅनडाला गेलेली वर्गमैत्रीण दहा वर्षांनंतर भावाच्या लग्नासाठी फुलकारीची ओढणी मागविते, ती याच वाटेने.

मात्र या साठ्याचा उपयोग विक्रीसाठी करताना तारतम्य लागते. ११ जानेवारी २०१८ रोजी फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की, यापुढे वापरकर्त्यांना व्यवसायांच्या मजकुरापेक्षा मित्र आणि कुटुंबीयांचा मजकूर प्राधान्याने दाखविला जाईल. त्यानंतर व्यावसायिक पानांवरील मजकूर पैसे न भरता लोकांपर्यंत पोहोचणे अवघड झाले. जी पाने केवळ दरपत्रके आणि सवलतींच्या घोषणा देत होती, त्यांची अवस्था अधिक बिकट झाली. ज्यांच्या पानांवर लोक प्रश्न विचारीत आणि उत्तर मिळवीत, ती तुलनेने टिकून राहिली. शासकीय यंत्रणांनाही हे उमगले आहे. २०१९ मध्ये चंडीगड पोलिस दलातील एका वाहतूक अधिकाऱ्याने दलेर मेहंदी यांच्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर वाहने अयोग्य जागी उभी न करण्याचा संदेश गाऊन दाखविला आणि ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. दंडाच्या रकमेचे कोणतेही परिपत्रक इतके आवडीने कोणी वाचले नसते.

संगीताचा धंदा या बाबतीत सर्वांच्या पुढे आहे. चंडीगड आणि त्याला लागून असलेले मोहाली हे पंजाबी गीतसंगीत व चित्रपट व्यवसायाचे महत्त्वाचे केंद्र आहे. येथील नवे गीत प्रथम यूट्यूबवर येते. श्रोत्याला ते फुकट ऐकायला मिळते. जाहिरातींच्या वाट्यातून उत्पन्न मिळते खरे, पण गायकाची कमाई मुख्यतः ‘अखाडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीर कार्यक्रमांतून आणि लग्नसमारंभांतून होते. गीत ही येथे एक प्रकारे जाहिरातच असते. ध्वनिफितींच्या काळात जे गाणे विकले जात होते, ते आता गायकाला विकण्याचे साधन झाले आहे. या उलटापालटीचा विचार इतर व्यवसायांनीही करण्यासारखा आहे. शिक्षक आपला एक धडा फुकट दाखवितो आणि वर्गाचे शुल्क घेतो, तेव्हा तो याच रीतीने चाललेला असतो.

मराठी मुलुखातील दाखला

पंजाब आणि महाराष्ट्र यांचा संबंध संत नामदेवांपासूनचा आहे. त्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या घुमान येथे एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते. समाजमाध्यमांच्या व्यापारी उपयोगात मात्र दोन्ही प्रदेशांचे मार्ग थोडे वेगळे आहेत. महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावी सापडते. तेथील सुमन धामणे या आजींनी नातवाच्या साहाय्याने २०२० मध्ये ‘आपली आजी’ नावाची यूट्यूब वाहिनी सुरू केली. कारल्याच्या भाजीसारखे गावाकडचे पदार्थ त्यांनी घरच्याच भाषेत दाखविले. प्रेक्षक लाखोंच्या संख्येने मिळाले आणि घरगुती मसाल्यांची विक्रीही सुरू झाली. प्रेक्षकांनी आधी हाताची चव ओळखीची करून घेतली आणि मग मसाला मागितला. क्रम महत्त्वाचा आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही वाहिनी कोणीतरी परस्पर ताब्यात घेतली. काही दिवसांनी ती परत मिळाली. ज्यांचा सगळा व्यवसाय एका सांकेतिक शब्दाच्या भरवशावर उभा आहे, त्यांनी दुहेरी पडताळणीची सोय सुरू करण्यास विलंब लावू नये, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

कोकणातील हापूसच्या बागायतदारांनी २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांना व्हॉट्सॲपवरून मागण्या घेऊन थेट पेट्या पोहोचविल्या. ही थेट विक्री पंजाबला नवी नाही. पंजाब मंडी बोर्डाने १९८७ मध्ये मोहाली येथे ‘अपनी मंडी’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून शेतकरी दलालाशिवाय शहरी ग्राहकाला भाजी विकत आले आहेत. चंडीगडमध्ये ही मंडी वारानुसार निरनिराळ्या सेक्टरांत भरते. समाजमाध्यमांनी तिच्यात भर घातली ती एवढीच की, आज मटार आला आहे काय, हे घरबसल्या विचारता येते.

विश्वासाचा बाजार

चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये आणि आसपास परदेशी शिक्षण व स्थलांतर यांबाबत सल्ला देणाऱ्या कार्यालयांची गर्दी आहे. पंजाबमधील तरुणांना कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन येथे जाण्याची ओढ मोठी आहे आणि त्यासाठी कुटुंबे जमीन विकतात किंवा कर्ज काढतात. या व्यवसायाने समाजमाध्यमे सर्वाधिक प्रभावीपणे वापरली आणि त्यांचा सर्वाधिक गैरवापरही येथेच झाला. व्हिसाचा शिक्का दाखविणारा हसतमुख तरुण, विमानतळावरील निरोप, महिनाभरात नोकरीची हमी अशी दृश्ये भ्रमणध्वनीवर सतत दिसत राहतात. पाहणाऱ्याला तो आपल्यासारखाच एक मुलगा वाटतो. जाहिरात आहे हे ध्यानात येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंजाब पोलिसांनी चंडीगड येथील परदेशगमन संरक्षक कार्यालयाच्या सहकार्याने, समाजमाध्यमांवर परदेशातील नोकऱ्यांच्या बेकायदा जाहिराती करणाऱ्या २५ प्रवास एजंटांविरुद्ध गुन्हे दाखल केले. परदेशगमन कायदा, १९८३ नुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील परवाना असावा लागतो. नोंदणीकृत एजंटांची यादी शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. विद्यार्थ्यांना प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागारांना मात्र हा केंद्रीय परवाना लागू होत नाही. त्यांच्यासाठी पंजाबमध्ये २०१२ चा प्रवास व्यावसायिक नियमन कायदा आहे. एका पानाला लाखभर अनुयायी आहेत, ही गोष्ट या दोन्हींपैकी कशाचाही पुरावा नाही. अनुयायी विकत मिळतात, प्रशंसापर अभिप्रायही विकत मिळतात. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक याच कारणासाठी जाहीर केले. तूर्त त्याचे पालन ऐच्छिक राहिल्याने त्याचा धाक मर्यादित आहे.

प्रामाणिक व्यावसायिकाचे नुकसान येथे दुहेरी होते. खोट्या आश्वासनांच्या गदारोळात त्याचा साधा, खरा मजकूर मागे पडतो. शिवाय फसलेली कुटुंबे सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागतात. ज्या सल्लागाराने एखाद्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळणे कठीण असल्याचे स्पष्ट सांगितले, त्याची चित्रफीत कोणी पाहत नाही, पण त्याच्याकडे त्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ येतो. असा ग्राहक मोजण्याचे कोणतेही कोष्टक समाजमाध्यमांच्या कंपन्या पुरवीत नाहीत.

कायद्याची चौकट

पैसे किंवा भेटवस्तू घेऊन एखाद्या उत्पादनाची शिफारस करणाऱ्यांनी ती गोष्ट उघड करणे आता बंधनकारक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. ही परिषद जाहिरात व्यवसायाने स्वतःसाठी स्थापन केलेली संस्था आहे. शासनाच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम जारी केले आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, आणि नंतर तीन वर्षांपर्यंत, बंदीही घालता येते. एखाद्या खाद्यप्रेमी तरुणाने फुकट जेवून उपाहारगृहाची स्तुती केली, तरी तेथे आर्थिक संबंध निर्माण होतो, ही बाब अनेकांच्या गावीही नसते.

ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक साठवून ठेवणाऱ्यांसाठी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्यातील प्रमुख बंधने अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी अमलात येण्याची तरतूद आहे. लग्नाच्या पत्रिकेसाठी दिलेला क्रमांक दागिन्यांच्या दुकानाला देण्याची प्रथा त्यामुळे अडचणीत येणार आहे.

परक्या जागेवरचे दुकान

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्या माध्यमावर नाव कमावलेल्या हजारो कारागिरांचे आणि कलावंतांचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स ही सोय सुरू केली, पण प्रत्येकाला तेथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर एकाच वेळी बंद पडल्या आणि सुमारे सहा तास बंद राहिल्या. तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या असल्याची जाणीव पुष्कळांना त्या रात्री झाली. ज्या व्यापाऱ्याने आपल्या ग्राहकांची यादी वहीत किंवा संगणकावर वेगळी लिहून ठेवली होती, त्याला दूरध्वनी करणे तरी शक्य होते.

परक्या जागेवर धंदा करण्याचा अनुभव चंडीगडच्या पथविक्रेत्यांना, ज्यांना स्थानिक बोलीत रेहडी-फडीवाले म्हणतात, वेगळ्या अर्थाने आला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार डिसेंबर २०१९ मध्ये सेक्टर १७ आणि इतर गर्दीच्या बाजारांतील विक्रेत्यांना तेथून हटवून नियोजित विक्री क्षेत्रांत जागा देण्यात आल्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना परवाना आणि ठरावीक जागा मिळाली, पण वर्षानुवर्षे येणारे गिऱ्हाईक मात्र जुन्या चौकातच राहिले. त्यानंतर काही महिन्यांतच टाळेबंदी आली. ज्या विक्रेत्याकडे नेहमीच्या वीस-पंचवीस गिऱ्हाइकांचे क्रमांक होते, त्याला नवा पत्ता कळविण्याचे साधन होते. अनोळखी पादचाऱ्यांवरच ज्याची भिस्त होती, त्याच्याकडे ते नव्हते.

जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेखाली पथविक्रेत्यांना विनातारण खेळते भांडवल दिले जाते. आरंभी पहिल्या टप्प्यात १० हजार रुपयांचे कर्ज मिळत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही रक्कम १५ हजार रुपये केली आणि योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविली. डिजिटल मार्गाने पैसे स्वीकारणाऱ्या विक्रेत्यांना या योजनेत रोख परतावाही मिळतो. समाजमाध्यमांवर पाहिलेल्या जाहिरातीवरून खरेदी करताना फसवणूक झाल्यास ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदविता येते. पैसे परस्पर वळते झाले असल्यास सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम बँकेत अडवून ठेवण्याची शक्यता अधिक असते.